वर्ष गरम होतं का ते सोडा, वेलाला तहान कधी लागली ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वांद्र्याच्या एका दुकानात फ्रान्समधल्या बोर्डोच्या एकाच शातोच्या, म्हणजे स्वतःच्या बागेतून वाइन करणाऱ्या घराण्याच्या, रेड वाइनच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, एक २०१३ची, दुसरी २०१६ची. बाग तीच, लेबल तेच, पण २०१६ची किंमत जवळजवळ अडीचपट. दुकानदार म्हणाला, "सोळा साल गरम होतं ना, म्हणून भारी." त्यावर तुमची शंका अशी की मग नाशिकची रेड दरवर्षीच भारी व्हायला हवी, तिथे उन्हाला काय तोटा? आणि शेवटी: सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला यातली कुठली घेऊ?

दुकानदार अगदीच चुकला नाही. बोर्डो अटलांटिकच्या काठाला आहे, हवा दमट आणि लहरी. तिथे कॅबरने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी रेडची जात नीट पिकेल की नाही, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी. म्हणून ऊन पडलं की तिथले लोक खूश होतात. पण २००३ साली युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा नुसत्या उन्हाच्या हिशोबाने ते शतकातलं सर्वोत्तम वर्ष ठरायला हवं होतं. तसं झालं नाही. त्या सालच्या बऱ्याच वाइन लवकर थकल्या. उलट २०१० हे कोरडं पण थंड रात्रींचं साल, आणि ते थोर मानलं जातं. तेव्हा खरा प्रश्न 'किती गरम' हा नाही. वेल कोणत्या अवस्थेत असताना काय घडलं, हा आहे.

मुंबईकराला हे आंब्याच्या भाषेत पटकन कळेल. "यंदा हापूस चांगला" असं आपण कधी म्हणतो? थंडी वेळेवर पडून मोहोर नीट आला, मोहोरावर अवकाळी पाऊस पडला नाही, बारीक कैरी उकाड्याने गळली नाही आणि शेवटी फळ साक्याशिवाय पिकलं, तेव्हा. देवगडचं वर्षाचं सरासरी तापमान सांगितलं तर त्यावरून पेटीचा भाव कुणालाच सांगता येणार नाही. वाइनच्या द्राक्षाचंही तसंच आहे, फक्त टप्पे वेगळे.

पुढचं सगळं रेड वाइनपुरतं आहे, हे आधीच सांगतो. व्हाइटला आम्लता आणि ताजा सुवास हवा; रेडला शिवाय सालीतला रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) पिकलेलं हवं, त्यामुळे तिचा हंगाम लांबतो आणि जोखीमही वाढते. २०१३ हे बोर्डोच्या रेडचं वाईट साल, पण त्याच साली तिथल्या कोरड्या व्हाइट आणि सोतर्नच्या गोड वाइन उत्तम झाल्या. ज्या दमट हवेने कॅबरने कुजवली, तिनेच सोतर्नच्या घडांवर मणी सुकवून गोडवा दाट करणारी, हवी ती बुरशी आणली. आणखी तीन गोष्टींवर उत्तर बदलतं: द्राक्षाची जात, जमीन आणि बागवाल्याच्या हातात पाणी आहे की नाही. हे तिन्ही पुढे येतीलच.

बोर्डोचं वेळापत्रक ढोबळमानाने असं. मार्चअखेरीपासून डोळे फुटतात, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरतो, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तोडणी. फुलोरा ते तोडणी साधारण १०० ते ११५ दिवस. एप्रिलमधलं गोठलेलं दहिवर कोवळे पोंगे जाळतं. १९९१ आणि २०१७ साली हे मोठ्या प्रमाणात झालं. त्याने मुख्यतः उत्पादन घटतं, दर्जा घसरेलच असं नाही. जळलेल्या काडीवर मागाहून दुसरी फूट येते, तिचे घड उशिरा पिकतात, आणि ते पहिल्या घडांत मिसळले तरच वाइन बिघडते.

दर्जाची गोष्ट सुरू होते फुलोऱ्यापासून. द्राक्षाच्या फुलाला पाकळ्या उघडायच्या नसतात, एक बारीक टोपी असते, ती गळून पडली की परागण होतं. हवा १५ अंशांच्या आसपास गारठलेली आणि पावसाळी असेल तर टोपी चिकटून राहते आणि परागकण नीट रुजत नाहीत. मग मणीगळ होते, आणि जे घड उरतात त्यांत काही मणी टपोरे, काही वाटाण्याहून बारीक आणि बिनबियांचे. मेर्लो ही बोर्डोची दुसरी मुख्य रेड जात या बाबतीत फार नाजूक. २०१३च्या गारठलेल्या, ओल्या वसंतानंतर नेमकं हेच झालं.

मणीगळीने माल कमी होतो हे नुकसान सगळ्यांना दिसतं. खरा घात असमानतेने होतो. फुलोरा आठवडाभरात उरकला तर बागेतले सगळे घड जवळपास एका वयाचे. तो तीन आठवडे रेंगाळला तर तोडणीच्या दिवशीही वयात तेवढाच फरक. अशा बागेतला नमुना चुरगळून रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायच्या यंत्रावर) ठेवला की २४ ब्रिक्स (साखरेचं माप) दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण त्या सरासरीत २१ ब्रिक्सचे हिरवट मणीही असतात आणि २६चे सुकायला आलेलेही. पहिल्यांतून कच्ची, दात आंबणारी तुरट चव येते, दुसऱ्यांतून मुरंब्यासारखी. म्हणून अशा वर्षी चुरा करून एकच आकडा घेऊ नये. निरनिराळ्या ओळींतून, घडाच्या खांद्यावरून आणि टोकावरून शे-दोनशे मणी घेऊन त्यातल्या काहींची ब्रिक्स सुटी सुटी मोजावी. आकडे किती फाकलेत, त्यावर छाननीच्या टेबलावर किती माणसं उभी करायची ते ठरतं.

फुलोऱ्याच्याच सुमारास पुढच्या वर्षाच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मितीही चालू असते. म्हणजे काडीवर घड किती लागणार हे काही अंशी आदल्या वर्षाच्या उन्हाने ठरवून ठेवलेलं असतं. बाटलीवर एकच साल छापतात, पण वेलाचा हिशोब दोन वर्षांचा असतो.

आता गाभ्याकडे येऊ. सेटिंग, म्हणजे फुलाचा मणी, झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंतचे सहा-आठ आठवडे. रेडचं साल थोर होणार की नुसतं बरं, हे माझ्या मते याच काळात ठरतं, आणि नेमकं याच काळाबद्दल कुणी विचारत नाही. सगळे तोडणीचा पाऊस विचारतात.

या काळात वेलाला थोडी तहान लागायला हवी. कारण सरळ आहे. रंग, टॅनिन आणि बराचसा सुवास सालीत असतो, रस बहुतेक बिनरंगाचा. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. हिशोबच करा. १४ मिलिमीटर व्यासाच्या मण्याऐवजी १२ मिलिमीटरचा मणी घेतला तर रसाचं आकारमान एक तृतीयांशाहून जास्त घटतं, पण रसाच्या प्रत्येक थेंबामागे साल सुमारे १७ टक्के जास्त मिळते. मेजावरच्या द्राक्षाचा बागायतदार मणी फुगवायला जीएचं (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाचं) द्रावण वापरतो. वाइनवाल्याला त्याच्या नेमकं उलट हवं असतं. आणि मण्याचा आकार रोखायची वेळ हीच. पाणी उतरण्याआधी पडलेला ताण मण्याला कायमचा लहान ठेवतो, नंतर पाणी दिलं तरी ती कसर पूर्ण भरून निघत नाही. पाणी उतरल्यानंतर ताण दिला तर आकारावर परिणाम बराच कमी, आणि पिकणं थांबण्याचा धोका जास्त.

तहानेचं दुसरं काम शेंडा थांबवणं. वेलाला भरपूर पाणी असेल तर तो पानं आणि शेंडे वाढवत सुटतो. त्याची साखर तिकडे जाते, घड सावलीत राहतात आणि कॅबरनेत हिरव्या सिमला मिरचीचा वास उरतो. हा वास ज्या संयुगाचा, ते पाणी उतरण्याआधी मण्यात साठतं आणि पुढे ऊन-उबेने कमी होत जातं. घनदाट पानोऱ्याच्या सावलीत ते साठतंही जास्त आणि जातंही सावकाश. पाणी उतरण्याआधी शेंड्यांची वाढ थांबली, तर वेलाने मोर्चा घडांकडे वळवला असं समजायचं. बोर्डो विद्यापीठातले प्राध्यापक दनी द्युबुर्द्यू यांनी उत्तम रेड सालाच्या ज्या पाच अटी मांडल्या, त्यांतल्या दोन याच काळातल्या आहेत: सेटिंगनंतर पाण्याचा मर्यादित ताण, आणि रंग धरण्याआधी वाढ थांबणं.

ताण 'थोडा' म्हणजे किती? बागेत पाहायचं असेल तर शेंड्याकडे पाहा. वाढता शेंडा टवटवीत, कोवळ्या पानांच्या पुढे गेलेला असतो. थांबत आलेला शेंडा त्या पानांच्या मागे राहतो. मोजायचं असेल तर पहाटे, सूर्य उगवण्याआधी पान काढून दाबकक्षात त्यातल्या पाण्याचा ताण बघतात. आकडा मेगापास्कल या दाबाच्या एककात येतो, जितका उणे तितकी तहान जास्त. उणे ०.३ ते उणे ०.५ हा मध्यम ताण, रेडसाठी हवासा. उणे ०.८च्या पलीकडे गेला की वेल दुकान बंद करतो. पर्णरंध्रं मिटतात, बुडाची पानं पिवळी पडून गळतात, साखर भरणं थांबतं. मग रिफ्रॅक्टोमीटर वर चढला तरी तो मणी सुकल्यामुळे चढलेला असतो, पिकल्यामुळे नाही.

२०१६ इथे मजेशीर आहे. ते साल सुरुवातीला बुडणार असंच वाटत होतं. हिवाळा आणि वसंत धो धो ओले. जूनच्या सुरुवातीला मोजके कोरडे दिवस मिळाले आणि फुलोरा त्यात नेमका सापडला. मग जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ पाऊस नाही. जमिनीत खोलवर साठलेलं पाणी होतं, म्हणून तहान एकदम लागली नाही, हळूहळू लागत गेली. ऑगस्टचे दिवस कडक, पण रात्री गार. १३ सप्टेंबरला पाऊस आला, आणि नंतर महिनाभर स्वच्छ हवा. ओल्या वसंताशिवाय हा उन्हाळा बहुधा जाचक ठरला असता. हलक्या रेताड जमिनीतल्या कोवळ्या बागांना तो तसाही जाचला. दुकानदाराच्या 'गरम होतं' यात हा ओला वसंत येत नाही, आणि माझ्या दृष्टीने ती बाटली त्यानेच घडवली.

पाणी उतरल्यानंतर मण्यात तीन-चार घड्याळं एकदम चालू असतात आणि ती एका वेगाने चालत नाहीत. साखर उन्हासोबत धावते. ढोबळमानाने एक ब्रिक्स म्हणजे वाइनमध्ये ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल, म्हणजे २४ ब्रिक्सला साडेतेरा-चौदा. मॅलिक आम्ल उष्णतेत जळून जातं, विशेषतः रात्र गरम असेल तर. टार्टारिक हे दुसरं आम्ल बऱ्यापैकी टिकतं. रंगाला ऊन हवं, पण मण्याचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं की रंग बनणं मंदावतं आणि बनलेलाही काही मोडतो. सालीचं आणि बीचं टॅनिन मात्र कुणाच्या घाईला भीक घालत नाही, त्याला दिवस लागतात. बी चावून बघा: हिरवी, चिकट, जिभेला ओढणारी असेल तर अजून वेळ आहे, तपकिरी, कडक, भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरली तर तयार.

थोर साल म्हणजे ही घड्याळं जवळपास एकाच आठवड्यात बारा वाजवतात. फार गरम वर्षी साखर पुष्कळ पुढे पळते आणि बी हिरवीच राहते. मग वाइनमेकरसमोर दोनच वाटा. लवकर तोडली तर टॅनिन कच्चं. थांबलं तर अल्कोहोल १५च्या पुढे आणि पीएच ३.८च्या वर, म्हणजे आम्ल फार कमी. पीएच चढणं हे केवळ चवीचं प्रकरण नाही. ३.४ पीएचला जेवढा मुक्त सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकवायला घालतात तो) वाइनला राखतो, तेवढंच रक्षण ३.८ला हवं असेल तर त्याच्या सुमारे अडीचपट लागतो. म्हणून अशा वर्षीच्या वाइन तरुणपणी गुबगुबीत आणि मोहक लागतात, पण दहा वर्षांनी बसकतात. २००३ बद्दलची तक्रार मुख्यतः हीच. थंड वर्षी याच्या उलट: आम्ल भरपूर, साखर अपुरी, मिरचीचा वास शाबूत. बोर्डोत तेव्हा ठरावीक मर्यादेत रसात साखर घालायची परवानगी मिळते. त्याने अल्कोहोल वाढतं, टॅनिन पिकत नाही.

एक धोक्याची सूचना. बरेच लेख उष्णतेची बेरीज सांगतात: दिवसाच्या सरासरीतून १० वजा करायचे आणि हंगामभर बेरीज करत जायचं. दोन जिल्ह्यांची तुलना करायला हे ठीक, पण सालाच्या दर्जासाठी फसवं. दिवसा २८ आणि रात्री १४ असेल तर सरासरी २१, गुण ११. दिवसा २४ आणि रात्री १८ असेल तरी सरासरी २१, गुण ११च. पहिल्या जागी आम्ल टिकेल आणि रंग चढेल. दुसऱ्या जागी, म्हणजे आपल्या मुंबईसारख्या दमट हवेत, दोन्ही बेताचेच राहतील आणि वर बुरशी येईल.

इथवरचं थोडक्यात: फुलोरा झटपट, मग सावकाश लागणारी तहान, शेंडा वेळेत थांबलेला, पिकताना उबदार दिवस आणि गार रात्री. आता तोडणीचा पाऊस.

यातली गंमत म्हणजे पाऊस तोच, परिणाम वेगळे. २०१६च्या १३ सप्टेंबरचा पाऊस तहानलेल्या जमिनीवर पडला. मुळांनी तो प्यायला, मिटलेली पानं पुन्हा कामाला लागली, अडलेलं पिकणं पुढे सरकलं, आणि नंतरच्या कोरड्या हवेत साली सुकल्या. सगळे म्हणतात की पावसाने साल वाचवलं. २०१३ला सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उबदार, ओलसर हवा होती. असमान घड, त्यात बोट्रायटिस झपाट्याने पसरू लागला आणि कित्येकांना बी तपकिरी व्हायच्या आत तोडणी उरकावी लागली. या बुरशीचं एक विकर, लॅकेज, रंग मोडतं आणि सल्फरलाही सहज दाद देत नाही. म्हणून कुजके मणी थोडेसे आले तरी टाकीभर रंग तपकिरी कलू लागतो. शिवाय जमिनीत पाणी भरपूर असताना पाऊस आला की मणी फुगतो, ब्रिक्स दोन-तीन दिवसांत एक-दीडने उतरते आणि घट्ट घडात मणी तडकतात. नंतर आठवडाभर वारा-ऊन मिळालं तर ब्रिक्स परत वर येते. तडकलेली साल काही सांधत नाही.

जात आणि जमीन इथे निकाल फिरवतात. मेर्लो कॅबरनेच्या साधारण आठवडा-दोन आठवडे आधी पिकते. १९९८ साली पाऊस यायच्या आत नदीच्या उजव्या काठावरच्या पोमरोल-सँतेमिल्यूंची मेर्लो घरात आली होती, डाव्या काठावरच्या मेदोकची कॅबरने झाडावर होती. १९६४लाही असंच झालं. म्हणून 'बोर्डो १९९८ कसं?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. नदीचा कोणता काठ, ते आधी विचारावं लागतं. मेदोकची खडीची जमीन पाणी झटकन सोडते, ओल्या वर्षी ती वाचवते. मेदोकमधल्याच सँतेस्तेफची चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून २००३च्या भट्टीतही तिथल्या काही वाइन चांगल्या उतरल्या.

आता नाशिक. तुमची शंका रास्त आहे, पण नाशिकचं कॅलेंडर मुळातच उलटं आहे. तिथे वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबरच्या आसपास फळछाटणी. फळछाटणीनंतर साधारण १३५ ते १६० दिवसांनी रेडची तोडणी, म्हणजे जानेवारीअखेर ते मार्च. बोर्डोत द्राक्ष उन्हाळ्यातून गारव्याकडे जात पिकतं. सप्टेंबरपेक्षा ऑक्टोबर थंड. नाशिकला ते थंडीतून उन्हाळ्याकडे जात पिकतं. जानेवारीत दिवसा २८-२९ आणि रात्री १०-१२, तर मार्चच्या मध्यात दिवसा ३५च्या पुढे. बोर्डोचा वाइनमेकर आणखी आठवडाभर थांबला तर गारवा त्याच्या बाजूने असतो. नाशिकचा थांबला तर रोज आम्ल हरवतो. म्हणून तिथे 'थांबलं की चांगलं' हा बोर्डोचा मंत्र आंधळेपणाने वापरता येत नाही, आणि टाकीत टार्टारिक घालणं ही तिथे नेहमीची बाब आहे. लिटरला एक ग्रॅम घातलं की पीएच ढोबळमानाने ०.१ उतरतो.

दुसरा मोठा फरक ठिबकचा. बोर्डोत नावाजलेल्या बागांना पाणी देण्यावर कडक बंधनं आहेत, तहान लावायचं काम आभाळाचं. नाशिकला पावसाळा संपल्यावर तहान बागायतदाराच्या व्हॉल्व्हमध्ये असते. मणी मिरीएवढा झाला की पाणी गरजेच्या निम्म्यावर आणायचं, शेंडा थांबेपर्यंत तिथेच धरायचं, पाणी उतरल्यावर पानं पिवळी पडणार नाहीत इतपत वाढवायचं. हलक्या मुरमाड उतारावर हे जमतं. भारी काळ्या जमिनीत मात्र ठिबक बंद करूनही ओल कितीतरी दिवस हटत नाही, आणि वेल मजेत शेंडे काढत राहतो. त्यामुळे नाशिकच्या रेडमध्ये सालाइतकंच, माझ्या मते सालाहून थोडं अधिकच, जमीन आणि व्हॉल्व्हवरचा हात बोलतो.

मग नाशिकला सालाचा फरक पडतच नाही का? पडतो, पण वेगळ्या जागी. परतीचा पाऊस पहिला. सप्टेंबरात छाटलेल्या बागेचा पोंगा आणि फुलोरा ऑक्टोबरात येतो, आणि परतीचा पाऊस लांबला तर डाऊनी ही बुरशी आणि गळकूज घड खाऊन टाकतात. जे वाचतात ते असमान. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेच झालं. मग येते हिवाळ्याची रात्र: डिसेंबर-जानेवारी ढगाळ आणि उबदार गेले तर रंग आणि आम्ल दोन्ही कमी, वर भुरी या बुरशीचा त्रास. शेवटी फेब्रुवारी-मार्चची गारपीट, २०१४ला झाली तशी. गारेने फुटलेला घड दोन दिवसांत आंबायला लागतो, तिथे तोडणी पुढे ढकलायचा प्रश्नच उरत नाही. जूनमधलं सततचं ढगाळ वातावरणही मोजायचं, कारण खरड छाटणीनंतरची सूक्ष्म घडनिर्मिती तेव्हाच चालू असते.

लेबल वाचताना एक गोम लक्षात ठेवा. साल तोडणीचं छापतात. म्हणून नाशिकच्या २०२०च्या बाटलीत २०१९चा परतीचा पाऊस असतो, आणि २०२०चा पावसाळा २०२१च्या बाटलीत. 'त्या वर्षी पाऊस फार होता' या आठवणीवरून नाशिकची बाटली निवडली तर बरेचदा चुकीची निवडाल.

आता दुकानातल्या दोन बाटल्या. चांगला शातो वाईट सालीही टाकाऊ वाइन करत नाही. तो निम्मा माल छाननीत काढतो किंवा दुय्यम लेबलाला देतो. २०१३ची रेड हलकी, बारीक शरीराची, टॅनिन कमी, आणि ती लवकर पिण्याजोगी होते. २०१६ घट्ट, ताज्या आम्लाची, लांब पल्ल्याची. नावाजलेल्या शातोची असेल तर अजून मिटलेलीही निघू शकते. तुम्ही अडीचपट पैसे मोजता ते मुख्यतः पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी. पंचाहत्तरी पुढच्या महिन्यात असेल, सासरे रेडचे फारसे सवयीचे नसतील आणि ताटात मटणाचा रस्सा असेल, तर २०१३ने कुणाची निराशा होणार नाही. माझी निवड विचाराल तर त्याच शातोची २०१४ मिळते का बघा. तो उन्हाळा रटाळ आणि गार गेला, पण सप्टेंबर कोरडा आणि उन्हाचा निघाला. कॅबरने त्यात नीट पिकली, आणि किंमत २०१६च्या जवळपासही जात नाही. २०१६च घ्यायची असेल तर जेवणाआधी दोन-तीन तास डिकँटरमध्ये (रुंद काचपात्रात) ओतून ठेवा.

ऐंशीसाठी राखून ठेवायची असेल तर मात्र २०१६च, पण एका अटीवर: १२ ते १४ अंशांवर चालणारं वाइनचं कपाट हवं. मुंबईच्या फ्लॅटमधल्या लाकडी कपाटात ३० अंशांवर ठेवलेली थोर सालाची बाटली दोन उन्हाळ्यांत साध्या सालाहून वाईट होते. घेतानाही बघून घ्या. बुच बाटलीच्या तोंडाबाहेर उचललं गेलंय का, मानेतली पातळी खाली गेलीय का, बुचावरच्या आवरणाखाली चिकट ओघळ आहे का. यातलं काही दिसलं तर साल कुठलंही असो, परत ठेवा. आणि 'रूम टेंपरेचर'वर प्यायची म्हणतात ती खोली मुंबईची नव्हे. रेड १६ ते १८ अंशांवर हवी, म्हणजे इथे वाढण्याआधी तास-दीड तास फ्रिजमध्ये. दुकानातून निघाल्यावर आधी बाकीची खरेदी उरका, बाटली शेवटी घ्या, आणि ती डिकीत टाकू नका, मांडीवर धरा.